मोठ्या चित्राआधीची छोटी चित्रं: स्केच आणि स्टडी कसे करायचे, कुठे थांबायचं

स्केच मस्त झालं होतं पण कॅनव्हासवर गेल्यावर सगळा जीवच गेला, ही तक्रार चित्रं काढणाऱ्या बहुतेकांकडून कधी ना कधी ऐकू येते. उलटी तक्रारही असते, की स्केचबिच काही न करता डायरेक्ट रंगवायला घेतलं आणि अर्ध्यावर आल्यावर कळलं की माणसाचे पाय फ्रेमच्या खाली चाललेत, आकाश नको तेवढं झालंय आणि उजेड कुठून येतोय हे ठरवलेलंच नाही. माझ्या मते दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. आपण तयारीच्या स्केचला फायनल चित्राची छोटी कॉपी समजतो. खरं तर प्रत्येक स्टडी, म्हणजे तयारीचं चित्र, एखादा प्रश्न सोडवायला काढायचा असतो, आणि एका स्टडीत एकच प्रश्न घ्यायचा, बास. खाली सगळ्या पायऱ्या त्याच हिशोबाने लावल्यात.

आधी एक उदाहरण घेऊ, कारण त्यात सगळा प्रवास तारखांसकट दिसतो. पिकासोचं 'गेर्निका'. २६ एप्रिल १९३७ ला स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्ब पडले आणि १ मे ला पिकासोने पहिली रेखाटनं केली. अगदी भराभर खरडल्यासारखी आहेत ती. पण खिडकीतून वाकून हातात दिवा धरलेली बाई त्या पहिल्याच दिवसाच्या कागदावर आहे, आणि ती शेवटपर्यंत टिकली. त्याच दिवसाच्या एका स्केचमध्ये घोड्याच्या जखमेतून एक छोटा पंखवाला घोडा बाहेर पडतोय, तो मात्र पुढे गायब झाला. मेलेलं मूल घेऊन शिडीवरून उतरणारी आई स्टडीजमध्ये आहे, फायनलमध्ये आई आहे पण शिडी नाही. काही स्टडीजमध्ये भडक रंगीत खडू वापरलेत, आणि साडेतीन मीटर उंच, पावणेआठ मीटर रुंद असलेलं फायनल चित्र मात्र काळं-पांढरं-राखाडी. म्हणजे रंग वापरून बघितला आणि मग सोडला. 'रंग नको' हा निर्णयसुद्धा स्टडी करूनच घेतलेला असू शकतो, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पहिलं काम: नक्की कुठला क्षण रंगवायचा

पेन्सिल उचलायच्या आधीच हे ठरवावं असं बरेच जण सांगतात, मला ते पटत नाही. हे पेन्सिलनेच ठरतं. विषय एक असतो पण त्यातले क्षण पाच-सहा असतात, आणि प्रत्येकाचं एकेक खरडलेलं पान समोर असल्याशिवाय कुठला धरायचा ते कळत नाही.

जेरिकोने 'राफ्ट ऑफ द मेड्युसा' करताना अगदी हेच केलं. १८१६ साली मेड्युसा नावाचं फ्रेंच जहाज फुटलं, साधारण दीडशे माणसं एका तराफ्यावर सोडून दिली गेली आणि वाचली फक्त १५. आता यात काढण्यासारखं काय काय होतं? तराफ्यावरचं बंड, मारामारी, माणसाने माणसाला खाणं, वाट बघणं, शेवटी सुटका. त्याने यातले बरेच प्रसंग रेखाटून बघितले. वाचलेल्या लोकांना भेटून बोलला, तराफ्याचं मॉडेल बनवून घेतलं, हॉस्पिटलमधून मृतांचे अवयव आणून त्यांचे स्टडी केले. आणि एवढं सगळं करून शेवटी निवडला तो क्षण कुठला, तर लांब क्षितिजावर एक जहाज दिसतंय आणि त्यांनी आपल्याला बघितलंय की नाही हे कुणालाच माहीत नाही. सुरुवातीच्या स्टडीजमध्ये ते जहाज मोठं दिसतं, फायनलमध्ये ते एवढंसं ठिपक्यासारखं राहिलं. जहाज लहान केल्यावर आशाही लहान झाली, आणि चित्राचा सगळा ताण त्यातून आला. हा बदल नुसता डोक्यात विचार करून सुचणं मला तरी अवघड वाटतं, जहाज मोठं काढलेलं समोर असेल तेव्हाच ते खटकतं.

तर करायचं असं. विषय एका वाक्यात लिहा, पण त्यात क्रियापद पाहिजे. 'म्हातारा माणूस खिडकीपाशी' याने काही होत नाही. 'म्हातारा माणूस खिडकीतून कुणाची तरी वाट बघतोय' म्हटलं की लगेच प्रश्न पडतात, तो उभा आहे की बसलाय, खिडकी उघडी की बंद, बाहेरचं आपल्याला दिसतंय की फक्त त्याला. मग त्या वाक्याचे चार-पाच वेगवेगळे क्षण पटापट खरडून बघा. चेहरे नकोत, बोटं नकोत. नुसते आकार.

थंबनेल: लहान काढा, वाईट काढा, पण फ्रेम बरोबर ठेवा

थंबनेल म्हणजे काडेपेटीएवढं किंवा फार तर पत्त्याएवढं स्केच. इथे सगळ्यात जास्त होणारी गडबड अशी की लोक आधी चित्र काढतात आणि मग त्याच्याभोवती चौकट मारतात. उलटं करा. आधी कॅनव्हासचा आकार ठरवा, त्याच प्रमाणात छोट्या चौकटी आखा आणि मग त्यांच्या आत काढा. ६० बाय ९० सेंटीमीटरचा कॅनव्हास असेल तर चौकट ४ बाय ६ सेंटीमीटरची. प्रमाण चुकलं तर पुढे वाढवताना एक बाजू उरते किंवा कापली जाते, आणि ती उरलेली जागा भरायला मग उगाच झाडं आणि ढग येतात.

चौकट सोपी मोठी करायची तर तिचा कर्ण आखा आणि तो पुढे वाढवा, त्या रेषेवर कुठेही कोपरा धरून काढलेली चौकट त्याच प्रमाणात असते. ही फार जुनी युक्ती आहे, हिच्यात गणित करावं लागत नाही म्हणून मला आवडते.

एका बैठकीत दहा-बारा तरी थंबनेल काढा. पहिली दोन-तीन सगळ्यांची सारखीच येतात, मधोमध माणूस, मागे क्षितिज, डावीकडून उजेड. चौथ्या-पाचव्यानंतर कंटाळा येतो आणि मग हात काहीतरी वेगळं करायला लागतो. क्षितिज एकदम वर न्या, एकदम खाली न्या, माणसाला कडेने कापा, आडवं चित्र उभं करून बघा. खोडरबर बाजूला ठेवा. एखादं बिघडलं तर बिघडू दे, शेजारी दुसरं काढा, कारण खोडलं की तुलना करायला काही उरत नाही आणि या पायरीवर तुलना हेच तर काम आहे.

निवडायचं कसं? सगळी थंबनेल भिंतीवर लावा आणि सात-आठ फुटांवरून बघा. लांबून ज्यात काय चाललंय ते कळतं ती ठेवा. मग कागद उलटा करून बघा. उलटं धरल्यावर माणूस, झाड, घर वगैरे ओळखीचं काही राहत नाही आणि नुसते गडद-फिके आकार उरतात, तेव्हा वजन एका बाजूला कललंय का ते झटकन दिसतं. आरशात बघितलं तरी चालतं, फोनवर फोटो काढून फ्लिप केला तरी चालतं.

टोनचा स्टडी, म्हणजे अर्धी लढाई

टोन म्हणजे एखादा आकार किती गडद किंवा किती फिका ते. मला विचाराल तर वेळ कमी असेल तेव्हा बाकी सगळं सोडा पण हा स्टडी सोडू नका. रंगात चूक झाली तर चित्र थोडं वेगळं दिसतं, टोनमध्ये चूक झाली तर चित्र समजतच नाही.

निवडलेलं थंबनेल घ्या, ते पोस्टकार्डएवढं करा, आणि फक्त तीन टोन वापरा: कागदाचा पांढरा, एक मधला करडा आणि एक काळा. चारकोल घ्या, जाड ब्रश आणि शाई घ्या, तीन मार्कर घ्या, काहीही चालेल. टोकदार पेन्सिल मात्र नको, कारण टोक दिसलं की हात डिटेलकडे वळतो. प्रत्येक आकार या तीनपैकी एका टोनमध्ये बसवायचाच, मधलंअधलं काही नाही. जबरदस्तीने बसवताना निर्णय घ्यावे लागतात, जसं की शर्ट उजेडात आहे पण भिंत पण उजेडात आहे, मग दोन्ही पांढरे करून एकमेकांत मिसळू द्यायचे की भिंत एक पायरी खाली न्यायची? इथे ठरलं नाही तर हे कॅनव्हासवर ठरवावं लागतं, तेही रंग पॅलेटवर वाळत असताना.

ठिपक्याठिपक्यांनी रंगवणारा फ्रेंच चित्रकार सोऱ्हा (Seurat), त्याचे कोंते क्रेयॉनमधले, म्हणजे काळ्या खडूतले, स्टडीज मिळाले तर नक्की बघा. खरखरीत कागदावर तो क्रेयॉन हलकाच फिरवायचा, कागदाच्या उंचवट्यांवर काळं बसायचं आणि खड्ड्यांत पांढरं राहायचं, त्यामुळे कुठे कडा अशी नसतेच, नुसता अंधार आणि उजेड एकमेकांना चिकटून उभे असतात. त्याच्या 'ला ग्रांद जात'मधल्या बाया-माणसांच्या आकृत्या एवढ्या पुतळ्यासारख्या ठाम का दिसतात याचं उत्तर मला त्या ठिपक्यांपेक्षा या काळ्या रेखाटनांत जास्त दिसतं. आकृतीची बाह्यरेषा आणि तिचं वजन तिथेच पक्कं झालंय, ठिपके नंतर आले.

चेक करायला डोळे किलकिले करून बघा, किंवा फोनवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. फोनचा फोटो मदतीला ठीक आहे पण त्याच्यावर पूर्ण भरवसा नको, तो सावल्या नको तेवढ्या काळ्या करतो आणि सावलीच्या आतला उजेड खाऊन टाकतो.

तपशिलाचे स्टडी: सगळ्याचे नको, फक्त जिथे अडकणार तिथले

आता कुठे हात, चेहरा, कपड्यांच्या चुण्या वगैरे. यादी करा, चित्रात अशा कुठल्या गोष्टी आहेत ज्या मला न बघता काढता येणार नाहीत? तेवढ्यांचेच स्टडी करा. जे येतं त्याचा स्टडी करत बसणं म्हणजे काम पुढे ढकलणं, आणि यात आपण सगळेच हुशार असतो.

मायकेलअँजेलोचं सिस्टीन चॅपलच्या छतावरच्या लिबियन सिबिलसाठी (सिबिल म्हणजे भविष्य सांगणारी बाई) केलेलं लाल खडूचं एक पान न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, साधारण १५१० च्या आसपासचं. छतावर ती बाई आहे, कपडे घातलेली, पण स्टडी उघड्या पाठीच्या पुरुष मॉडेलवरून केलाय, कारण त्याला पाठीचा पीळ हवा होता आणि कपड्याखाली स्नायू कुठे वळतात ते कळल्याशिवाय वरचा कपडा नीट बसत नाही. पाठ अगदी मन लावून केलीय. चेहरा खाली परत वेगळा काढलाय. आणि डाव्या पायाचा अंगठा! तो पुन्हा पुन्हा काढलाय, कारण सगळं वजन त्या दाबलेल्या अंगठ्यावर येतंय, तो चुकला तर एवढी मोठी आकृती हवेत लटकल्यासारखी दिसली असती. त्याच पानावर काही भाग नुसत्या रेषेत सोडून दिलेत, ज्यांची त्याला काळजी नव्हती. म्हणजे कुठे वेळ घालवायचा आणि कुठे नाही हे त्या एका कागदावर सरळ दिसतं.

आपण पण असंच करायचं. माणूस काठीवर टेकून उभा असेल तर काठी धरलेल्या हाताचे तीन-चार स्टडी, चेहऱ्याचा एक, बाकी शरीराचं नुसतं बाह्य रेखाटन. कपडे असतील तर आधी कपड्यांशिवाय शरीराची पोझ काढा, काठ्यांच्या माणसासारखी काढली तरी चालेल, आणि मग वर कपडा चढवा. रनेसाँसच्या कार्यशाळांत ही सर्रास पद्धत होती. आणि स्टडी करताना उजेड टोनच्या स्टडीतल्या दिशेनेच घ्या, हे फार जण विसरतात, हात खिडकीच्या उजेडात काढतात आणि चित्रात दिवा खाली ठेवलेला असतो, मग तो हात कुणा दुसऱ्याचा आणून चिकटवल्यासारखा दिसतो.

फोटोवरून काढावं का, हा नेहमीचा वाद. काढा की, पण जमेल तिथे प्रत्यक्ष बघून एक तरी स्टडी करा. रोझा बोन्हरने 'हॉर्स फेअर'साठी दीड वर्ष आठवड्यातून दोनदा पॅरिसच्या घोडेबाजारात जाऊन रेखाटनं केली, लोकांनी त्रास देऊ नये म्हणून पुरुषी कपडे घालून. हलणारा प्राणी बघून काढताना आधी एक ओळ पकडावी लागते, मान ते शेपूट, आणि मग बाकी आठवणीतून. फोटोत सगळंच थांबलेलं असल्यामुळे सगळंच सारखं महत्त्वाचं वाटतं, आणि हाच त्याचा त्रास आहे.

पर्स्पेक्टिव्ह लागणार असेल तर

पर्स्पेक्टिव्ह म्हणजे लांबच्या गोष्टी लहान होत जाताना दाखवायची पद्धत. खोली, रस्ता, पायऱ्या, फरशी असं काही असेल तरच ही पायरी करा, नाहीतर पुढे जा. लिओनार्दोच्या 'अ‍ॅडोरेशन ऑफ द मॅजाय'साठीचा पर्स्पेक्टिव्हचा स्टडी फ्लॉरेन्सच्या उफिझी म्युझियममध्ये आहे, जमिनीवर रेषांचं इतकं दाट जाळं आखलंय की बघून घाबरायला होतं, आणि त्या जाळ्यावर मग पायऱ्या, घोडे, माणसं मोकळ्या हाताने सोडलीत. आपल्याला एवढं नको. वेगळ्या कागदावर क्षितिजरेषा म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्याची पातळी ठरवा, लोपबिंदू म्हणजे लांब जाणाऱ्या समांतर रेषा जिथे मिळतात तो बिंदू ठरवा, आणि माणसं उभी असतील तर प्रत्येकाचं डोकं त्या रेषेच्या वर येतंय की खाली एवढं तपासा. सपाट जमिनीवर, बघणाऱ्याच्या उंचीच्याच सगळ्या माणसांचे डोळे क्षितिजरेषेवरच येतात, जवळचा असो की लांबचा. एवढं सांभाळलं तरी गर्दीचं चित्र उभं राहतं.

रंगाचा स्टडी

तळहाताएवढा, फार तर वहीच्या पानाएवढा. सोऱ्हाने 'ला ग्रांद जात'साठी ड्रॉइंग आणि छोटे ऑइल स्टडी मिळून साठेक तरी केले, त्यातले बरेच वहीच्या पानाएवढ्या लाकडी फळ्यांवर, बेटावर बसून. फायनल चित्र दोन मीटर बाय तीन मीटर. त्यातला एक स्टडी माझा आवडता आहे, ज्यात माणूस एकही नाही. नुसतं गवत, झाडं, सावल्या आणि पाणी. आधी रिकामं स्टेज, उजेड कुठे पडतोय ते सगळं पक्कं, मग पात्रं आत. गर्दीची रचना करणाऱ्यांनी ही युक्ती उचलावीच.

रंगाच्या स्टडीत एकच प्रश्न असतो: मोठ्या आकारांचे रंग एकमेकांशेजारी कसे वागतात. त्यामुळे पाच ते सात मोठे आकार, प्रत्येकात एक सपाट रंग, डिटेल शून्य. टोन मात्र आधीच्या टोन स्टडीतलेच पाळायचे. एकाच रचनेचे तीन वेगळे करा, एक सकाळच्या उजेडातला, एक ढगाळ, एक दिव्याच्या उजेडातला असे, म्हणजे आपोआप रंगांची कुटुंबं बदलतात. फायनलला जे रंग वापरणार त्याच ट्यूबमधले रंग इथे वापरा. पोस्टर कलरमध्ये स्टडी केला आणि फायनल ऑइलमध्ये केलं तर ते मिश्रण तसं परत लागत नाही, आणि आधीचं विसरून नव्याने सुरुवात होते. मिश्रण कशाचं केलं ते स्टडीच्या मागे लिहून ठेवा. बाहेर रंग न्यायची सोय नसेल तर एडवर्ड हॉपरसारखं करा, रेखाटनावरच जागोजागी रंगांची नावं आणि छटा शब्दांत लिहायच्या आणि स्टुडिओत येऊन रंगवायचं.

कॅनव्हासवर आल्यावर एखाद्या रंगाबद्दल शंका आली तर रंगवलेल्या कागदाचे तुकडे कापून कॅनव्हासवर टाचून बघा. मातिसने १९३५ च्या 'पिंक न्यूड'मध्ये अशीच कागदाची कापटं सरकवून आकार आणि रंग ठरवले आणि वाटेतल्या २२ अवस्थांचे फोटो काढून ठेवले. कापट काढून टाकता येतं, रंग खरवडावा लागतो.

आता मोठं करायचं: इथेच बहुतेक चित्रं मरतात

मोठं करायच्या पद्धती भरपूर आहेत. सगळ्यात भरवशाची चौकटींची. समजा स्टडी १५ बाय २० सेंटीमीटर आहे आणि कॅनव्हास ९० बाय १२०. स्टडीवर अडीच सेंटीमीटरच्या चौकटी आखल्या तर आडव्या-उभ्या सहा आणि आठ येतात, कॅनव्हासवर त्याच चौकटी १५ सेंटीमीटरच्या. स्टडी खराब करायचा नसेल तर वर पारदर्शक प्लास्टिक ठेवून त्यावर आखा. चौकटी खूप बारीक करू नका, कारण मग आपण चौकट कॉपी करत बसतो आणि मोठी वळणं हरवतात. मोठ्या चौकटी घ्या आणि फक्त अवघड जागेत, म्हणजे चेहरा वगैरे, त्याच चौकटीचे चार भाग करा.

जुन्या काळी भित्तिचित्रांसाठी पूर्ण मापाचं ड्रॉइंग कागदावर करायचे, त्याला कार्टून म्हणत. रेषांवर सुईने भोकं पाडून, कोळशाच्या पुडीने थोपटून भिंतीवर ठिपके उमटवायचे. मुघल आणि पहाडी लघुचित्रांच्या कारखान्यांतही हीच युक्ती होती, हरणाच्या पातळ पारदर्शक कातड्यावर केलेल्या ट्रेसिंगला भोकं पाडून, त्याला चरबा म्हणायचे, आणि एकदा केलेला चरबा पुढच्या पिढ्या वापरायच्या. देगाने ट्रेसिंग पेपरचा वेगळाच फायदा घेतला, एकाच नर्तिकेची पोझ ट्रेस करायची, थोडी सरकवायची, हात जरा बदलायचा, दुसऱ्या चित्रात घालायची, प्रत्येक ट्रेसिंगला आकृती सुधारत जायची. म्हणजे ट्रेस करणं हे हुकमी कॉपीचंच काम असतं असं नाही. प्रोजेक्टर वापरणाऱ्यांना नावं ठेवायचं मला काही कारण दिसत नाही, फक्त कडेला होणारं विकृतीकरण तपासा आणि उमटवून झाल्यावर दिवे लावून मोकळ्या हाताने पूर्ण ड्रॉइंग एकदा परत करा.

आता मरतात ते का? स्केचमध्ये मनगटाच्या एका झटक्यात आलेली रेषा कॅनव्हासवर दीड फुटाची होते, आणि आपण ती जपून जपून, कडेकडेने काढतो. रेषेची जागा बरोबर येते पण वेग जातो. यावर उपाय म्हणजे मोठा हात. चारकोल लांब काठीला बांधा, उभं राहा, खांद्यातून रेषा काढा, चौकटींनी फक्त टोकं ठरवा आणि मधली रेषा न थांबता ओढा. चुकली तर फडक्याने पुसा आणि परत ओढा. दुसरी भानगड रिकाम्या जागांची. थंबनेलमध्ये अंगठ्याएवढी मोकळी भिंत छान शांत वाटते, तीच कॅनव्हासवर दोन फूट होते आणि ओसाड दिसायला लागते. तिथे लगेच खुर्ची-कुंडी घुसवायची घाई नको, आधी त्या भिंतीच्या टोनमध्ये हलकासा उतार देऊन बघा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

हा प्रश्न ज्याने सगळ्यात गंभीरपणे घेतला तो कॉन्स्टेबल. सहा फुटी निसर्गचित्रांसाठी त्याने सहा फुटीच ऑइल स्केच केले, म्हणजे तेवढाच मोठा कॅनव्हास तयारीसाठी खर्च! 'हे वेन', १८२१, त्याचं पूर्ण मापाचं स्केच लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे आणि फायनल नॅशनल गॅलरीत. स्केचमध्ये रंग नुसता फासलाय, झाडं थरथरतायत, काठावर एक घोडेस्वार आहे. फायनलमध्ये त्या जागी बदल होत गेले, पिंप रंगवून बघितलं, शेवटी तेही झाकून टाकलं. आजच्या बऱ्याच लोकांना, मलाही, ते स्केच जास्त आवडतं. पण कॉन्स्टेबलला हवी असलेली पाण्याची ती थंड शांतता फायनलमध्येच आहे, हे पण मान्य करायला लागतं. आपण सहा फुटी स्केच करायची गरज नाही, पण फायनलमधला सगळ्यात अवघड तुकडा, एक फूटभर, खऱ्या मापात आणि खऱ्या ब्रशने वेगळ्या कागदावर रंगवून बघा. कुठल्या ब्रशने ते झाड करायचं हे त्यातूनच कळतं.

स्टडी कधी बाजूला ठेवायचा

कॅनव्हासवर टोन आणि रंगांचे मोठे आकार लागले की सगळे स्टडी भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि एक पूर्ण बैठक त्यांच्याकडे न बघता काम करा. आता समोरचं चित्र काय मागतंय ते बघायचं. राफाएलचं 'स्कूल ऑफ अथेन्स'चं पूर्ण मापाचं कार्टून मिलानच्या अ‍ॅम्ब्रोसियाना संग्रहालयात आहे आणि त्यात पुढच्या पायऱ्यांवर गालाला हात लावून बसलेला तो विचारमग्न माणूस नाहीच. भिंतीवर काम पुढे गेल्यावर तो आत आला. आज त्याच्याशिवाय ते चित्र डोळ्यांपुढे आणून बघा, मध्ये केवढं भोक पडतं! पिकासोचंही तेच, फोटोग्राफर दोरा मार हिने 'गेर्निका' रंगवताना वाटेत काढलेल्या फोटोंत दिसतं की कॅनव्हासवर सुरुवातीला एक उंच उगारलेली मूठ होती, ती गेली, घोड्याचं खाली पडलेलं डोकं वर आलं, बैलाचं अंग फिरलं. एवढे स्टडी करूनही.

यान व्हॅन आइकच्या १४३४ च्या 'आर्नोल्फिनी पोर्ट्रेट'मध्ये इन्फ्रारेडखाली रंगाखालचं ड्रॉइंग दिसतं, पुरुषाचा हात आणि पाय सरकवलेले कळतात, आणि पायापाशी उभ्या त्या कुत्र्याचं ड्रॉइंग सापडत नाही, तो थेट रंगातच आला. मला हे प्रमाण योग्य वाटतं, माणसं आधी ठरवलेली आणि कुत्रा ऐनवेळी.

कुणी म्हणेल की काराव्हाज्जोची ड्रॉइंग कुठे आहेत? त्याच्या नावावर खात्रीने सांगता येईल असं एकही सापडलेलं नाही, बरोबर. पण त्याच्या कॅनव्हासच्या प्रायमरमध्ये, म्हणजे रंगाखालच्या अस्तरात, टोकाने ओढलेले चरे सापडतात, मॉडेलचं डोकं-खांदा कुठे ते धरून ठेवायला. म्हणजे तयारी होती, कागदावर नव्हती एवढंच. आणि त्याच्यासमोर मॉडेल प्रत्यक्ष बसलेलं असायचं, आपल्यापैकी किती जणांकडे ती सोय आहे.

किती स्टडी पुरे? माझा हिशोब असा, पुढचा स्टडी करताना त्यातून नवीन काय ठरणार हे सांगता आलं नाही तर थांबायचं. छोट्या स्थिरचित्राला चार थंबनेल आणि एक टोनचा स्टडी पुष्कळ झाला. पाच-सहा माणसांच्या रचनेला वहीच्या वही लागू शकते. व्यक्तिचित्राला चेहऱ्याचा फार पूर्ण स्टडी करू नका, सगळी उत्सुकता तिथेच संपते आणि कॅनव्हासवर मग आपण आपल्याच स्टडीची नक्कल करतो. चेहरा साठ-सत्तर टक्क्यांवर सोडा.

आणि हे कागद टाकू नका. प्रत्येकाच्या मागे तारीख, कुठल्या चित्रासाठी, आणि तो कुठला प्रश्न होता ते एका ओळीत लिहा, न वापरलेली थंबनेलसुद्धा ठेवा कारण नाकारलेली रचना दुसऱ्या विषयाला चपखल बसते असं बरेचदा होतं. चारकोल आणि मऊ पेस्टलच्या स्टडीजवर फिक्सेटिव्ह, म्हणजे भुकटी कागदाला धरून ठेवणारा स्प्रे, लांबून, दोन-तीन हलक्या हातांत मारा, एकदम जवळून मारलं तर ओला डाग पडतो आणि मधले टोन गडद होतात. खिडक्या उघड्या ठेवून मारा. वाळल्यावर प्रत्येक दोन कागदांमध्ये बटर पेपर घालून आडवे ठेवा, गुंडाळी करू नका.